जुन्या मोटारीतील वीज कोठे हरवते?

पावसाळ्यातली सकाळ आहे. पंधरा-वीस वर्षे वापरलेली, घरातल्या माणसांइतकीच सवयीची झालेली मोटार दारात उभी आहे. किल्ली फिरवली की समोरचे तांबडे दिवे लागतात, रेडिओ बोलतो, हॉर्नही वाजतो. पण सेल्फ मारला की बॉनेटखालून फक्त 'टक्' असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. शेजारीपाजारी निदान करतात, "बॅटरी गेली." नवी बॅटरी येते, गाडी झटकन चालू होते आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच 'टक्'!

विद्यार्थी मित्रांनो, यातली एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नवी बॅटरी बसवताना मेकॅनिकने वायरींची टोके सोडवली, ती काचपेपरने घासली आणि पुन्हा घट्ट आवळली. मग गाडी चालू झाली ती नव्या बॅटरीमुळे, की या घासण्यामुळे? जुन्या मोटारीतील विजेच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ एखादा भाग निकामी होण्यात नसते. दोन धातू जेथे एकमेकांना टेकतात त्या जागेत असते. तेथे काय घडते हे समजण्यासाठी शाळेत शिकलेला ओहमचा नियम पुरेसा आहे.

उदाहरणासाठी मारुती ८०० ही गाडी घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे यातली सर्वांत धाकटी गाडीसुद्धा आता दहा वर्षांहून मोठी आहे. तिच्या बॅटरीत शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांचे सहा घट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. बॅटरीच्या धन टोकापासून दिवे, हॉर्न, वायपर यांच्याकडे वायरी जातात. पण परतीची वायर शोधू लागलात तर ती बहुधा सापडणार नाही. बॅटरीचे ऋण टोक एका जाड वायरीने गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते, आणि प्रत्येक दिव्यातून बाहेर पडलेला प्रवाह त्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो. यालाच गॅरेजमध्ये 'अर्थ' म्हणतात. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही! या युक्तीने कितीतरी तांबे वाचते. मात्र परतीची वाट लोखंडी पत्र्यातून आणि स्क्रूंमधून जाते, आणि लोखंड गंजते. कोकणपट्टीतल्या खाऱ्या, दमट हवेत तर ते फारच लवकर गंजते.

आता आपल्या 'टक्'कडे वळू. इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, म्हणजेच सेल्फ, लहान गाडीतसुद्धा शंभराहून अधिक अँपियर प्रवाह घेते. बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर पांढुरकी पूड साचलेली तुम्ही पाहिली असेल. बॅटरीतून निघणाऱ्या वायूंबरोबर आम्लाचे सूक्ष्म तुषार बाहेर येतात, ते धातूवर काम करतात आणि सल्फेटांचा थर बसतो. वायरीच्या तांब्यावर तो निळसर-हिरवा दिसतो. या थरामुळे सांध्यात समजा ०.०३ ओहम रोध निर्माण झाला. ०.०३ ओहम म्हणजे किती क्षुल्लक! रेडिओ अर्धा अँपियर घेत असेल, तर सांध्यावर खर्च होणारा दाब ०.५ × ०.०३ म्हणजे ०.०१५ व्होल्ट. रेडिओला याची दादही नाही. हेडलाइटचा एक बल्ब ५ अँपियर घेतो. त्याच्यासाठी हानी ०.१५ व्होल्ट. तीही डोळ्यांना कळणार नाही. पण सेल्फचे १२० अँपियर याच सांध्यातून जायचे म्हटले तर १२० × ०.०३ = ३.६ व्होल्ट वाटेतच संपणार. दाब कमी पडला की प्रवाहही कमी होतो, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी येईल. पण सेल्फ फिरवताना चांगल्या बॅटरीचा दाबही जेमतेम १० व्होल्टवर उतरत असतो. त्यातून आणखी दोन-तीन व्होल्ट गेले तर मोटर फिरायची कशी? तिच्या डोक्यावरचा विद्युतचुंबक तेवढा 'टक्' करतो आणि थांबतो. रेडिओ वाजतो म्हणून बॅटरी आणि जोडण्या ठीक आहेत, हा तर्क कसा फसतो ते आता कळले ना?

या हानीची दुसरी खूण म्हणजे उष्णता. प्रवाह ८० अँपियरच धरला तरी त्या एवढ्याशा जागेत ८० × ८० × ०.०३, म्हणजे १९२ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटचे असते, यावरून कल्पना करा. दोन-चारदा सेल्फ मारल्यावर एखादे टर्मिनल तापलेले आढळले तर दोष तेथेच आहे असे समजावे.

मग व्होल्टमीटर लावून हा दोष का सापडत नाही? कारण मीटर बहुधा गाडी स्वस्थ उभी असताना लावतात. नळाच्या पाइपात गाळ अडकला असला तरी नळ बंद असताना पाण्याचा दाब पुरा दिसतो; नळ उघडला की धार बारीक होते. विजेचेही तसेच आहे. प्रवाह शून्य असेल तर रोध कितीही असो, गुणाकार शून्यच. हे वर्गात करून पाहता येईल. टॉर्चचे दोन सेल आणि एक लहान बल्ब यांच्या मंडलात पेन्सिलीतले शिसे एकसरीत जोडा. बल्ब काढून त्याच्या दोन टोकांशी व्होल्टमीटर लावा. जवळजवळ ३ व्होल्ट दिसतील. आता बल्ब बसवा. तो मिणमिणेल आणि त्याच्या टोकांवरचा दाब उतरेल. हरवलेले व्होल्ट कोठे गेले? मीटर पेन्सिलीच्या शिशाच्या दोन टोकांना लावून पाहा, ते तेथेच सापडतील.

गाडीतही हीच रीत वापरावी. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि किल्लीवर घरातले मोठे माणूस. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर टेकवायची. तिच्यावरच्या पकडीवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर. दुसरी तार इंजिनच्या स्वच्छ धातूवर. मग सेल्फ मारायला सांगायचे. दोन्ही जागा एकाच जाड वायरीने जोडलेल्या आहेत, तेव्हा वाचन जवळजवळ शून्य यायला हवे. दोन-तीन दशांश व्होल्ट आले तर चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर त्या वाटेवर कोठेतरी गंज, सैल बोल्ट किंवा आतून तुटलेली वायर आहे. मग एक-एक सांधा दोन तारांच्या मध्ये धरत गेले की चोर सापडतो. पाच मिनिटांचे काम आहे. तरी ते न करता बॅटऱ्या बदलल्या जातात.

या वाटेवरचा एक भाग विशेष लक्षात ठेवावा. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी लावलेली असते. वर्षानुवर्षांच्या थरथरीने तिचे तंतू तुटतात. ती पार तुटली तर सेल्फचा प्रवाह परतीसाठी मिळेल ती धातूची वाट धरतो, आणि अशी वाट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल! बिचारी केबल तापते, कधी जळतेही. मालक नवी केबल टाकतो आणि तीही जळाली की नवल करतो.

परतीची वाट बंद झाली की आणखी एक गमतीदार प्रकार दिसतो. डावा इंडिकेटर दिला असता मागचा पार्किंगचा दिवाही त्याच्या तालावर मिचकावू लागतो. मागच्या दिव्यांच्या चौकटीला अर्थची एकच समाईक जोडणी असते. ती गंजली की इंडिकेटरच्या बल्बमधून आलेला प्रवाह पत्र्यात उतरू शकत नाही. मग तो शेजारच्या दिव्याच्या तंतूतून उलटा शिरतो, त्या दिव्याच्या वायरीने मागे जातो आणि त्याच वायरीवरच्या दुसऱ्या दिव्यांमधून शेवटी पत्रा गाठतो. बल्ब आणि स्विच बदलून याला गुण येत नाही. एक स्क्रू सोडवून, गंज खरवडून, थोडे ग्रीज लावून तो घट्ट बसवला की खेळ संपतो.

हेडलाइट मंद पडण्याची तक्रार मात्र गमतीची नाही, कारण रात्री समोरचा माणूस दिसणे न दिसणे तिच्यावर अवलंबून आहे. तंतूच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून पुष्कळ वेगाने घटतो; सुमारे ३.४ व्या घाताने. म्हणून १२ ऐवजी १०.८ व्होल्ट पोचले, म्हणजे दाब दहा टक्क्यांनी घटला, तर प्रकाश तीस टक्क्यांनी कमी होतो. जुन्या गाडीत हे सव्वा व्होल्ट फ्यूजच्या ढिल्या पडलेल्या चिमट्यांत, स्विचच्या काजळलेल्या टोकांत आणि अर्थमध्ये थोडेथोडे गळत असतात. यावर काही जण ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचे बल्ब घालतात. हा उपाय उलटाच आहे. ६० वॅटचे दोन बल्ब मिळून १० अँपियर घेतात, १०० वॅटचे दोन जवळजवळ १७. त्याच जुन्या वायरींत हानी आणखी वाढते आणि बल्बमागचे प्लॅस्टिकचे कपलर वितळते. योग्य उपाय रिलेचा. स्विचने रिलेच्या वेटोळ्याला अँपियरचा अल्पसा अंश द्यायचा, आणि बल्बचा प्रवाह बॅटरीकडून आलेल्या जाड, फ्यूज लावलेल्या वायरीने रिलेमधून सोडायचा.

सांध्यांइतक्या नाही, पण अल्टरनेटरच्याही तक्रारी येतात. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. १३ च्या खाली असतील तर बेल्ट घसरतो आहे, कार्बन ब्रश झिजले आहेत किंवा आतला एखादा डायोड गेला आहे. १५ च्या वर असतील तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा वेळी बॅटरीतले पाणी भराभर आटते. अल्टरनेटर तपासण्यासाठी चालत्या इंजिनवर बॅटरीची वायर काढून पाहण्याची एक जुनी पद्धत आहे. डायनॅमोच्या काळात ती कशीबशी खपून गेली. अल्टरनेटरच्या बाबतीत बॅटरी अचानक तुटली की दाब क्षणभर प्रचंड उसळतो आणि डायोड, तसेच नव्या गाड्यांतील इंजिनचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, यांचा बळी जातो. कोणीही कितीही आग्रह केला तरी ही परीक्षा करू देऊ नये.

कधी गाडी उभ्या उभ्याच बॅटरी पिते. डिकीचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर ५ वॅटचा तो बल्ब ०.४२ अँपियर घेईल. ३५ अँपियर-तासांची बॅटरी त्याला ८३ तास पुरेल, म्हणजे साडेतीन दिवसांत ती ठणठणीत रिकामी! आणि रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात. ते नंतर भारित करूनही पुरते विरघळत नाहीत. फक्त दिवाळीला आणि मे महिन्यात बाहेर निघणाऱ्या गाडीची बॅटरी लवकर मरते ती यामुळे. अशा गाडीची ऋण वायर काढून ठेवणे उत्तम. तरीही बॅटरी आपण होऊन थोडी उतरतेच, म्हणून महिन्या-दीड महिन्याने ती भारित करावी.

फ्यूज वारंवार जाऊ लागला तर त्याचे कारण बहुधा सोलवटलेली वायर असते. वायरीवरचे प्लॅस्टिक उष्णतेने कडक होऊन तडकते, पत्र्याच्या कडेवर घासते, कधी उंदीर कुरतडतात. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी बसवणारे हुशार लोक आहेत. तार वितळत नाही हे खरे, पण मग सर्व वायरिंगच फ्यूजचे काम करू लागते आणि सीटखाली, गालिच्याखाली, पेट्रोलच्या नळीजवळ कोठेही लाल होते. १० अँपियरच्या जागी १० अँपियरचाच फ्यूज हवा, आणि तो पुन्हा गेला तर वायर शोधायला हवी.

आता कोणी वडीलधाऱ्यांबरोबर टर्मिनल साफ करायला बसणार असेल, तर क्रम ठरलेला आहे. हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे. आधी ऋण वायर सोडवावी, नंतर धन. उलट केले आणि धन टोकावरचा पाना चुकून बॉडीला लागला, तर शेकडो अँपियर त्या पान्यातून धावतील. ऋण वायर आधीच सुटलेली असली तर पाना लागूनही काही होत नाही, कारण मंडल पुरे होत नाही. जोडताना याच्या उलट: धन आधी, ऋण शेवटी. पांढरी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. ती फसफसेल, ते आम्ल मारले जात असल्याचे चिन्ह. पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नये. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी ओढायची नाही. धातू चकचकीत झाला की पकड घट्ट आवळावी आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. व्हॅसलीन आवळण्याआधी नव्हे, नंतर. ते दमट हवा आणि आम्ल बाहेर ठेवण्यासाठी असते.