लॅपटॉप घेताना बेणे पाहावे तसे पाहून घ्या



उसाचे बिल हाती आले की पाइपलाइन, लग्नकार्य ही खर्चाची यादी ठरलेली. अलीकडे तीत लॅपटॉपची भर पडली आहे. पोरांचा अभ्यास, सातबारा, महाडीबीटीचा अर्ज, मजुरीचा हिशेब एवढीच बहुतेक घरांची गरज. त्यास महागडे मशीन लागत नाही. पण स्वस्तात फसगत कशी होते हे देवगाव रंगारी गटात फिरताना आमचे पाहण्यात आले, म्हणून हे लिहीत आहोत.

एका सभासदाने मुलीच्या कॉलेजसाठी १४ हजारांत जुना लॅपटॉप आणला. वरून लखलखीत, 'आय-५' अशी चिठ्ठी लावलेली. चालू व्हायलाच पाच मिनिटे. शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी त्यावरच अडकला आणि बाप-लेकीला मोटारसायकलवर कन्नड गाठावे लागले. आम्ही पाहिले तर प्रोसेसर सहाव्या पिढीचा, रॅम ४ जीबी आणि जुन्या पद्धतीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क.

नुसते 'आय-५' म्हणणे म्हणजे नुसता 'ऊस' म्हणणे. ८६०३२ की २६५, ते कोण सांगणार? पुढचा आकडा वाचावा. ६३०० म्हणजे सहावी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. ११३५ सारखा एकाने सुरू होणारा असेल तर पहिले दोन आकडे धरावेत, म्हणजे अकरावी. हे पाहायचे कारण असे की, विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालते. त्याआधीच्या मशीनवर दुकानदार ११ टाकून देतोही, पण पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळतीलच याची हमी नाही. बँकेचा व्यवहार त्यावर करू नये.

जुना घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. खोडवाही चांगला येतो, पण खोडव्याचा खोडवा किती दिवस ठेवणार?

डिस्क एसएसडीच असावी, २५६ जीबी पुरते. रॅम ८ जीबी घ्यावी. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ चालते, पण इंटरनेटची चार पाने उघडली की ते संपते. काही स्वस्त नव्या मशिनांत रॅम बोर्डालाच पक्की असते, नंतर वाढत नाही, हे आधी विचारावे. दुकानातच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही बटणे एकदम दाबून 'परफॉर्मन्स' उघडावे. प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळे तेथे दिसते. लाजू नये, बेणे आपण डोळे तपासूनच घेतो ना! मग चार्जर काढून अर्धा तास चालवून पाहावे. लाइट गेल्यावर बॅटरीच कामी येते.

नव्याची वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे का, आणि ती आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे बिल करण्याआधी विचारा. नाहीतर संभाजीनगरच्या खेपा ठरलेल्या. बिल पक्के घ्यावे, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्यावा.

वरील सभासदाच्या मशीनला एसएसडी बसवली, रॅम वाढवली आणि उबुंटू ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. मुलीचा अभ्यास त्यावर चालू आहे. खर्च मात्र दोनदा झाला.