पिंजऱ्यातल्या पाखराला लागले कसे?

सकाळची वेळ. प्रभादेवीच्या एका जुन्या चाळीतली खोली, बाहेर लांब सज्जा, आणि सज्ज्यात टांगलेला तारेचा पिंजरा. पिंजऱ्यात दोन बजरीगर. हे मूळचे ऑस्ट्रेलियातले पाखरू, पण मुंबईत त्याला सगळे लव्हबर्डच म्हणतात. घरातली धाकटी मुलगी राळे घालायला जाते तो काय पाहते? एक पाखरू तळाशी पिसे फुलवून बसले आहे, एक पाय वर घेतला आहे, आणि खालच्या कागदावर रक्ताचे डाग आहेत. पिंजऱ्याचे दार मात्र बंद.

मग एकच गलका उठतो. आजी म्हणते, "हळद भरा." शेजारचे काका म्हणतात, "दोन थेंब ब्रँडी पाजा, हुशारी येईल." आणि थोरला भाऊ बहिणीकडे बोट दाखवून मोकळा होतो : "काल संध्याकाळी हिनंच त्याला हातात घेतलं होतं!" मुलगी रडू लागते. हा प्रकार आमच्या डोळ्यांदेखत घडलेला आहे, आणि थोड्याफार फरकाने तो तुमच्याही घरी घडू शकेल. म्हणून अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, ते आज पाहू.

आधी रक्ताचा हिशेब ध्यानात घ्या. बजरीगराचे वजन असते तीस-पस्तीस ग्रॅम. त्याच्या अंगात सारे मिळून रक्त तीन मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाच्या चमच्यात अर्ध्याहून थोडे अधिक. वीसएक थेंब गेले, की तिसरा हिस्सा गेला म्हणायचे! तेव्हा दोन-चार थेंबांनी घाबरू नये, पण रक्त वाहतच असेल तर चर्चेत पाच मिनिटेही घालवू नयेत. स्वच्छ फडक्याचा तुकडा किंवा कापसाची घडी जखमेवर हलक्या बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावी. मधूनमधून उचलून पाहू नये. नख तुटून रक्त येत असेल तर नखाच्या टोकाला चिमूटभर मैदा दाबला तरी चालतो. कातडीच्या उघड्या जखमेत मात्र मैदा नको, हळद नको, आणि तेल तर नकोच. तेलाने पिसे चिकटतात आणि पाखराची ऊब जाते.

आता धरायचे कसे? आपल्याला श्वासासाठी छाती आणि पोट यांमध्ये पडदा आहे. पाखराला तसा नाही. त्याच्या छातीचे हाड पुढेमागे हलते तेव्हा त्याचा श्वास चालतो. ते पळू नये म्हणून मुलांनी मूठ घट्ट आवळली, तर जखमेने न मरणारे पाखरू मुठीत गुदमरून मरेल. खोलीतला पंखा बंद करा, खिडकी लावा, अंगावर पातळ फडके टाका आणि पाठीकडून मानेभोवती दोन बोटांनी सैल धरा. छाती मोकळी राहू द्या.

चोचीत काहीही ओतू नका. पाणी नाही, ब्रँडी नाही, औषधही नाही. श्वासनळीचे तोंड जिभेच्या मागेच असते. ओतलेले पाणी सरळ तिकडे जाण्याची भीती. उथळ झाकणात पाणी आणि जवळ थोडे राळे ठेवा, त्याला हवे तेव्हा ते घेईल. पंख लोंबत असेल तर ओढून सरळ करू नये. पाय मोडला असेल तर काडेपेटीच्या काड्या बांधण्याचा उद्योग नको. पाखराची हाडे दोन-तीन आठवड्यांत सांधतात. वाकडी बसली तर वाकडीच सांधतात. म्हणूनच डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचे.

तोवर एक पुठ्ठ्याचे खोके घ्या, चार भोके पाडा, तळाशी साधा कागद किंवा सुती फडके घाला. दोरे सुटलेला टॉवेल घालू नका, त्यात नखे अडकतात. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा. पाखरू चोच उघडून धापा टाकू लागले, पंख अंगापासून दूर धरू लागले, तर ऊब फार झाली असे समजावे आणि बाटली काढावी. अंधार आणि शांतता ही त्याची पहिली औषधे. शेजारपाजारच्या मुलांनी एकामागून एक डोकावणे हे त्याला जखमेइतकेच जाचते.

पाखरू खोक्यात स्वस्थ झाले, की मग पिंजऱ्याकडे वळा. आणि तो धुण्याआधी नीट पाहा! रक्त कुठे आहे? एकाच जागी, की चारी बाजूंना उडालेले? चारी बाजूंना असेल आणि पिसेही विखुरलेली असतील, तर रात्री एकदम दिवा लागल्याने किंवा फटाक्याच्या आवाजाने घाबरून ते अंधारात तारांवर आपटले असावे. नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असते. ती मोडली की जखमेवाचूनही रक्त येते. बोटाभोवती बारीक दोरा किंवा केस आवळला आहे का, तेही पाहा; तो दिसतही नाही, आणि बोट काळे पडते. तारेचे टोक बाहेर आले आहे का? जोडीदाराच्या चोचीला रक्त आहे का?

मांजराचा संशय असेल तर जखम दिसो वा न दिसो, थांबू नका. मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी पाखरू एक-दोन दिवसांत दगावते. त्याला प्रतिजैविक औषध वेळेवर मिळावे लागते. पाखरांची एक खोड अशी, की ती दुखणे लपवतात. दुपारी दाणे टिपू लागले म्हणून बरे झाले असे मानू नये.

प्रभादेवीकरांचे एक भाग्य आहे. पूर्वीच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाला २०१८ साली प्रभादेवी हे नाव मिळाले. तिथून परळ जवळच, आणि परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ आहे. जुनी माणसे त्याला बैलघोडा इस्पितळ म्हणतात. त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. नाव बैलघोड्यांचे असले तरी तिथे पाखरांवरही उपचार होतात. गावाकडच्या मंडळींनी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

शिक्षकांनी मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. आपला हिरवा पोपट, मुनिया ही रानातली पाखरे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरी पाळता येत नाहीत. मुलांनी असे जखमी पाखरू शाळेत आणले तर वर्गात पिंजरा करू नये. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. आणि कुणाच्या घरी आधीपासून पोपट असेल व तो जखमी झाला असेल, तर कायद्याच्या भीतीने त्याला माळ्यावर लपवून मरू देऊ नये. डॉक्टरांकडे न्यावे.

त्या चाळीतल्या पाखराचे पुढे काय झाले? पिंजऱ्याखाली राळ्याच्या टरफलांत काळ्या लेंड्या सापडल्या. पिंजरा टांगला होता तो सांडपाण्याच्या नळाला लागून. पाखरू रात्री कडेच्या तारेला धरून झोपले होते, बोटे बाहेर आलेली, आणि नळावरून चढलेल्या उंदराने एक बोट कुरतडले होते. डॉक्टरांनी जखम साफ केली, औषध दिले. बोटाचे टोक गेले, पाखरू जगले. आता पिंजरा रात्री घरात येतो, वर फडके पडते, सांडलेले दाणे झोपण्यापूर्वी झाडून निघतात. ते काम थोरल्या भावाकडे आहे. बहिणीने तेवढी भरपाई मागून घेतली!