संगणकाचे शालेय शिक्षण : यंत्राआधी विचार

ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला संगणकाचे शिक्षण मिळाले पाहिजे, याविषयी आता दुमत राहिलेले नाही. प्रश्न आहे तो हे शिक्षण द्यावे कसे, हा. पुष्कळदा या प्रश्नाचा विचार यंत्रांच्या संख्येपासून सुरू होतो आणि तेथेच थांबतो. यंत्रे मिळाली नाहीत तर शिक्षण नाही; यंत्रे आली पण वीज नसली तरी शिक्षण नाही; आणि यंत्र बिघडेल या धास्तीने खोलीला कुलूप लागले, तर सर्व असूनही शिक्षण नाही. अशा शाळेतून दहावी उत्तीर्ण होणारी मुले पुढे महाविद्यालयात किंवा नोकरीच्या परीक्षेत, घरी संगणक असलेल्या मुलांच्या शेजारी बसतात, तेव्हा मधले अंतर भरून काढण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. हे अंतर पडू न देणे मात्र वाटते तेवढे खर्चाचे नाही.

मागील प्रयत्नांचा बोध

भारतातील शालेय संगणकशिक्षणाला चार दशकांची परंपरा आहे. केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या नावाचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांना ब्रिटिश बनावटीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक दिले. डिसेंबर २००४ मध्ये शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची योजना आली. पुढे २०१८ पासून ‘समग्र शिक्षा’ या एकत्रित योजनेत या कार्याचा समावेश झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पायाभूत स्तरापासूनच गणिती व संगणकीय विचारावर भर देण्याचे आणि सहावी ते आठवीच्या स्तरावर आज्ञावली-लेखनाचे उपक्रम सुरू करण्याचे म्हटले आहे.

येथे ‘संगणकीय विचार’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. संगणक वापरता येणे आणि संगणक कसा काम करतो हे कळणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पत्र टंकलिखित करणे किंवा चित्र रंगविणे हे पहिल्या प्रकारचे कौशल्य. ते उपयुक्त असले तरी साधने बदलताच जुने होते. मोठ्या प्रश्नाचे लहान भाग पाडणे, पायऱ्यांचा क्रम लावणे, चूक कोठे आहे हे शोधणे, हे दुसऱ्या प्रकारचे ज्ञान. ते जुने होत नाही. इंग्लंडने सप्टेंबर २०१४ पासून आपल्या शाळांतील जुना विषय बदलून या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाला स्थान दिले, ते याच कारणाने.

या ज्ञानाचा बराचसा भाग यंत्राविना शिकविता येतो. टिम बेल, इयान विटेन आणि माइक फेलोज या संगणकशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात असे खेळ रचून त्यांचा संग्रह शिक्षकांना उपलब्ध करून दिला. आपल्याकडे ‘एसीएम इंडिया’ या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम याच धर्तीवर हाती घेतला. खडू, पुठ्ठा आणि शाळेचे पटांगण एवढ्या साहित्यावर कोणत्याही शिक्षकाला करता येतील असे काही उपक्रम पुढे दिले आहेत.

पाच पुठ्ठे आणि एक महिना

पुठ्ठ्याचे पाच तुकडे घेऊन त्यांवर अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ ठिपके काढावेत. पाच विद्यार्थ्यांनी ते हातात धरून ओळीने उभे राहावे. वर्गाकडून पाहताना १६ चा पुठ्ठा डावीकडे आणि १ चा उजवीकडे दिसावा. पुठ्ठा उघडा असेल तर एक, पालथा असेल तर शून्य. आता वर्गाने आपापल्या जन्मतारखा सांगाव्यात. १९ तारीख हवी असल्यास १६, २ आणि १ हे पुठ्ठे उघडे राहतील. फळ्यावर लिहिले जाईल १००११. पाचही पुठ्ठे उघडल्यास बेरीज ३१ होते. म्हणजे महिन्यातील प्रत्येक तारीख या पाच पुठ्ठ्यांत बसते आणि प्रत्येकीची मांडणी वेगळी असते, हे मुले स्वतः पडताळून पाहतात.

संगणक सर्व काही याच दोन खुणांत साठवितो. अक्षरांनाही त्याने क्रमांक दिलेले आहेत. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीसाठी १२८ स्थानांचा विभाग राखून ठेवला असून त्यात ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६ आणि ‘ळ’चा २३५५ आहे. आपली बाराखडी संगणकाला आकड्यांनी ओळखता येते, हे समजल्यावर मराठीत काम करण्याविषयीचा संकोच आपोआप कमी होतो.

शोधण्याची आणि लावण्याची रीत

एका विद्यार्थ्याने १ ते १०० मधील एक संख्या मनात धरावी. इतरांनी ‘अमुक संख्येपेक्षा मोठी आहे का?’ एवढाच प्रश्न विचारावा. मुले प्रथम अंदाजाने विचारतात. प्रत्येक वेळी उरलेल्या संख्यांचे दोन सारखे भाग करणारा प्रश्न विचारल्यास सात प्रश्नांत उत्तर हमखास सापडते. हजार संख्यांसाठीही दहाच प्रश्न पुरतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद क्रमांकावरून लवकर सापडते ती याच न्यायाने. पण नोंदी क्रमाने लावलेल्या असतील तरच. दप्तर व्यवस्थित का ठेवावे, याचे इतके सोपे स्पष्टीकरण दुसरे नसेल.

क्रम लावण्याचाही खेळ घेता येतो. आठ मुलांना उंचीप्रमाणे उभे करावयाचे आहे. एका वेळी दोघांचीच तुलना करावयाची. प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केल्यास २८ तुलना होतात. त्याऐवजी प्रथम जोड्या लावल्या, मग क्रम लागलेल्या दोन-दोन जोड्या एकत्र केल्या आणि शेवटी चार-चारांचे दोन गट मिळविले, तर जास्तीत जास्त १७ तुलनांत काम होते. काम तेच, माणसे तीच; फरक पडला तो रीतीने.

पटांगणातील आज्ञावली

पटांगणावर चुन्याने चौकटी आखाव्यात. एका विद्यार्थ्याने यंत्र व्हावे आणि दुसऱ्याने त्याला लेखी आज्ञा द्याव्यात. यंत्राने केवळ लिहिलेलेच करावे. मनाचे काही करू नये. ‘चार वेळा करा : दहा पावले पुढे, मग उजवीकडे ९० अंशांत वळा’ या एका ओळीने चौरस पूर्ण होतो. समभुज त्रिकोण काढावयाचा झाल्यास बहुतेक मुले कोन पाहून ६० अंश लिहितात आणि चालणारा विद्यार्थी भलतीकडेच जातो. वळण्याचा कोन १२० अंशांचा हवा, हे मग त्यांना चालूनच कळते. १९६७ मध्ये तयार झालेल्या ‘लोगो’ या मुलांसाठीच्या संगणकभाषेमागे हीच कल्पना होती. सीमोर पॅपर्ट हे तिच्या निर्मात्यांपैकी एक.

या उपक्रमात शिक्षकाने एक पथ्य पाळावे. चुकलेली आज्ञावली पुसून टाकू नये; कोणत्या ओळीत चूक झाली हे मुलांनाच शोधू द्यावे. संगणकशिक्षणात चूक शोधणे हा शिक्षणाचाच भाग आहे.

पाण्याची नळवाट

पंचायत सदस्यांनाही रस वाटेल असा एक उपक्रम नकाशाचा आहे. समजा, गावठाण, शाळा, खालची वाडी, मळा आणि वरची वाडी ही पाच ठिकाणे नळाने जोडावयाची आहेत. गावठाण ते शाळा २०० मीटर, शाळा ते खालची वाडी ३००, गावठाण ते खालची वाडी ४००, गावठाण ते मळा ५००, मळा ते वरची वाडी ६०० आणि गावठाण ते वरची वाडी ७०० मीटर अशी अंतरे आहेत. सर्व मार्ग टाकल्यास २,७०० मीटर नळ लागेल. नियम असा करावा की, सर्वांत लहान मार्ग आधी घ्यावा. जी दोन ठिकाणे आधीच जोडली गेली आहेत त्यांच्यातील मार्ग सोडून द्यावा. त्याप्रमाणे २००, ३००, ५०० आणि ६०० मीटरचे मार्ग निवडले जातात आणि १,६०० मीटरमध्ये पाचही ठिकाणी पाणी पोहोचते. प्रत्यक्ष योजनेत चढउतार, पाण्याचा दाब आणि जमिनीची मालकी यांचाही विचार करावा लागतो, हे शिक्षकाने सांगावे. तरीही सातवीच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या गावाचा नकाशा घेऊन केलेली ही मांडणी ग्रामसभेत दाखविण्याजोगी ठरेल.

थोडी यंत्रे, अनेक विद्यार्थी

यंत्रे थोडी असली तरी योजनापूर्वक वापरल्यास ती पुरतात. चाळीस विद्यार्थी आणि पाच संगणक असे गृहीत धरू. वर्गाचे दहा-दहांचे चार गट करावेत. एक गट जोडीजोडीने संगणकांवर बसेल, उरलेले तीन गट वरील उपक्रम करतील. वीस मिनिटांनी गट बदलावेत. चाळीस मिनिटांच्या दोन तासिकांत प्रत्येक गटाची पाळी येते. जोडीतील एकाने कळफलक हाताळावा आणि दुसऱ्याने काय करावयाचे ते सांगावे. दहा मिनिटांनी भूमिका बदलाव्यात. ही अदलाबदल घड्याळ लावून करावी, अन्यथा धीट मुलगाच यंत्रापुढे बसून राहतो आणि मुली मागे उभ्या राहून पाहतात, असे घडते.

मराठी टंकलेखनासाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही रचना शिकवावी. तिच्यात सर्वसाधारणपणे स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असल्याने ती वर्णमालेच्या ज्ञानावरच उभी आहे. शाळेतील पर्जन्यमापकाची रोजची नोंद, शालेय पोषण आहाराचा हिशेब, ग्रंथालयातील पुस्तकांची यादी असे खरे काम मुलांना तक्त्यांतून करू द्यावे. खऱ्या माहितीतील चूक मुलांना लगेच दिसते. गुप्त संकेतशब्द आणि दूरध्वनीवर येणारा ओटीपी कोणालाही सांगू नये, हा धडा मात्र पहिल्याच तासाला द्यावा. तो मुलांमार्फत घरातील वडीलधाऱ्यांपर्यंतही पोहोचतो.

प्रत्येकाचा वाटा

हे कार्य एकट्या शिक्षकाचे नाही. कोरडी खोली, सुरक्षित वीजजोडणी, वेळेवर भरलेले वीजदेयक आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीची तजवीज ही ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांनी मिळून पाहावी. तपासणी अधिकाऱ्यांनी यंत्रांची मोजदाद जरूर करावी. पण त्याबरोबर आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे, विशेषतः प्रत्येक मुलीचे, हात कळफलकावर किती मिनिटे असतात, हेही विचारावे. परीक्षेत संगणकाच्या भागांची नावे घोकून घेण्यापेक्षा, चुकलेल्या पाच ओळींची आज्ञावली देऊन ती दुरुस्त करावयास सांगणे अधिक उचित होय.

आज प्रश्न टाकताच उत्तर लिहून देणारी यंत्रे उपलब्ध झाली आहेत. अशा काळात मिळालेले उत्तर पारखून घेण्याची सवय पूर्वीपेक्षा अधिक मोलाची ठरते. ती सवय लावण्यासाठी नव्या निधीची वा नव्या इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही. पाच पुठ्ठे आणि एक पटांगण प्रत्येक गावात आहे.