विजेरीला दोरी लावताना

हरवलेली कोणतीही वस्तू शोधावयाची म्हणजे माणूस प्रथम दिवा हाती घेतो; परंतु हरवलेली वस्तू स्वतः दिवाच असेल, आणि तीही ऐन अंधारात, विहिरीच्या कठड्याशी किंवा कड्याच्या काठावर हातातून निसटली असेल, तर शोध कोणाच्या उजेडात घ्यावयाचा, हा प्रश्न वाटतो तितका विनोदी नाही. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते म्हणून मध्यरात्री ओल्या बांधावरून मोटार चालू करावयास निघालेला शेतकरी, कळसूबाईच्या लोखंडी शिड्या पहाटेच्या काळोखात चढणारा हौशी प्रवासी आणि दिवे गेल्यावर मीटरच्या पेटीत डोके खुपसून फ्यूज चाचपणारा गृहस्थ, या तिघांची अडचण एकच असते, ती म्हणजे हात दोन आणि कामे तीन. विजेरी क्षणभर सोडून देता यावी आणि सोडली तरी ती आपल्यापाशीच राहावी, एवढी तजवीज वीतभर दोरीने होते. परंतु काम क्षुल्लक म्हणून बहुतेक जण ती हाताला लागेल त्या नाडीने आणि सुचेल त्या गाठीने उरकून टाकतात, आणि मग दोरी नसतानाच बरे होते, असे म्हणण्याची पाळी येते.

ही अडचण मुळात विजेरी लहान झाल्यामुळे उद्भवली आहे. नळीत एकामागे एक सेल ठेवलेल्या हातविजेरीचे पेटंट न्यू यॉर्क येथे राहणाऱ्या डेव्हिड मिसेल या संशोधकास १८९९ च्या जानेवारीत मिळाले. पुढे घरोघर आलेल्या पत्र्याच्या विजेऱ्यांत तेहतीस-चौतीस मिलिमीटर जाडीचे सेल असत, त्या मुठीत भरत, आणि पुष्कळांच्या बुडाशी खुंटीला अडकवण्याजोगी घडीची कडीही असे. आजच्या पेन्सिल सेलची जाडी अवघी चौदा मिलिमीटर आहे, आणि अमेरिकेतील मॅग इन्स्ट्रुमेंट या कंपनीने १९८४ साली दोन पेन्सिल सेलांची बोटभर विजेरी बाजारात आणल्यापासून तर या वस्तूला मूठ अशी उरलीच नाही. उरले ते शेपटाकडील झाकणाला पाडलेले दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र, ज्यातून साधी बुटाची नाडीही सुखासुखी जात नाही.

तेव्हा पहिला प्रश्न ओवण्याचा. दोरीचे तोंड थुंकीने ओले करून पिळण्यात वेळ दवडू नये. शिवणाचा मजबूत दोरा दुमडून त्याचे बिनटोकाचे अंग छिद्रातून पलीकडे काढावे, त्या इवल्या फाशात दोरीचे टोक अडकवावे आणि मागे ओढावे, म्हणजे दोरी मुकाट्याने चालत येते. परकरात नाडी घालावयास सेफ्टी पिनेचा उपयोग करणाऱ्या घरात ही युक्ती कोणाला शिकवावी लागणार नाही. दोरी नायलॉनची, गोल विणीची आणि दीड-दोन मिलिमीटर जाडीची असावी. सुती दोरी हाताला मऊ लागते खरी, पण पावसाळ्यात ती भिजून आटते, वाळता वाळत नाही आणि पुढे कुजते. नायलॉनचे कापलेले टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरले की वितळून बंद होते. ते चिमटीने दाबण्याचा मोह मात्र आवरावा, कारण वितळलेले नायलॉन कातडीला चिकटून भाजते.

गाठी दोनच लागतात. दोरीचा बंद फास तयार करून त्याचे एक अंग छिद्रातून थोडे बाहेर काढावे आणि त्या अंगातून दोरीचा उरलेला सगळा फास ओढून घ्यावा; हे बंधन ओढले जाईल तसे आवळते आणि सोडवू म्हटले की तत्काळ सुटते. फास बंद करणाऱ्या गाठीविषयी मात्र अधिक सावध असावयास हवे. दोन टोके एकमेकांवर उलटसुलट वळवून मारलेली, पुडक्यावर शोभून दिसणारी सपाट गाठ येथे सरसकट वापरली जाते, आणि गुळगुळीत नायलॉनवर तीच गाठ झटक्यासरशी सुटते. क्लिफर्ड अ‍ॅश्ली या अमेरिकन लेखकाने आपल्या १९४४ सालच्या गाठींच्या बृहद्ग्रंथात दोन दोर जोडण्यासाठी ही गाठ वापरू नये, असे निक्षून बजावले आहे, आणि ते वाचूनही लोक ती मारतातच. त्यापेक्षा दोन्ही टोके एकत्र धरून एकच साधी गाठ मारावी, बाहेर बोटाच्या पेराएवढी शेपटे राखावी आणि गाठ ओली करून घट्ट ओढावी.

येथे यंत्रकाराच्या एका कसुरीचीही दखल घेणे प्राप्त आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणातील छिद्राची धार पुष्कळदा तशीच सोडलेली असते, आणि विजेरी मनगटाला झुलत राहिली की ती धार दोरीला रोज थोडी थोडी कापीत जाते. बारीक पॉलिश पेपरची सुरळी छिद्रातून फिरवून धार मोडावी, किंवा मध्ये किल्ल्यांची लहान कडी घालावी. कडीने रंगावर ओरखडे उठतात आणि ती वाजते, हा तिचा दोष ज्याला खपेल त्याने ती घ्यावी. मागच्या टोकालाच बटण असेल तर गाठ अंगठ्याच्या आड येणार नाही, हे पाहावे. काही विजेऱ्या सपाट शेपटावर उभ्या राहून छताला उजेड देतात आणि सारी खोली उजळवतात. शेपटातून दोरी ओवली की त्या डगमगू लागतात, म्हणून अशा वेळी खिशाला अडकवावयाच्या चापेतूनच दोरी ओवणे श्रेयस्कर.

आता मुख्य मुद्दा, दोरीच्या बळाचा. दोरी जितकी मजबूत तितकी चांगली, ही समजूत या कामी घातक आहे. हल्ली सर्वत्र विकली जाणारी पॅराकॉर्ड नावाची दोरी हवाई छत्र्यांसाठी निर्माण झाली, आणि तिच्या प्रचलित प्रकाराची एकेरी दोरी किमान ५५० पौंड, म्हणजे सुमारे अडीचशे किलोंचा भार सोसते. उलट, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणूनच १८६५० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिथियम सेलची विजेरी घेतली, तरी तिचे वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या घरात भरते. ती वीस सेंटीमीटर पडून दोरीला हिसका बसला, आणि दोरी व हात मिळून एक सेंटीमीटर लवले, तर सरासरी भार वजनाच्या वीसपट, म्हणजे दोन-अडीच किलो, आणि ऐन झटक्याला चार-पाच किलो होतो. पाच किलोंच्या कामाला अडीचशे किलोंची दोरी लावणे ही नुसती उधळपट्टी असती तर चालले असते. परंतु शिडीवरून पाय घसरला आणि दोरीचा फास पायरीच्या खिळ्यात अडकला, तर माणसाचा साठ-सत्तर किलोंचा भार मनगटावर येतो, दोरी त्याला लीलया पुरून उरते आणि तुटते ते मनगट.

याच्या उलट बाजूचा दाखला निन्टेन्डो या जपानी कंपनीने पुरवला. तिचा वी नावाचा खेळ २००६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत विक्रीस आला. हातातील यंत्र बॅटीसारखे हवेत फिरवावयाचे आणि दोरीने मनगटाला बांधलेले ठेवावयाचे, अशी योजना होती. लोकांनी ते उत्साहाने फिरवले, दोऱ्या तुटल्या, यंत्रे दूरचित्रवाणीच्या काचांवर आपटली, आणि डिसेंबरातच कंपनीला सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याचे जाहीर करावे लागले. बदल केवढा, तर दोरीची जाडी ०.६ मिलिमीटरवरून १ मिलिमीटर! जाडीतला फरक डोळ्यांना जाणवणारही नाही, परंतु छेदाचे क्षेत्रफळ तेवढ्याने जवळजवळ पावणेतीनपट होते, आणि बळ छेदावर अवलंबून असते.

म्हणून माझी शिफारस अशी की मनगटाचा फास हाताला रुचेल तितका जाड असू द्यावा, पण तो विजेरीला थेट न बांधता मध्ये एक मिलिमीटर दोऱ्याचा लहानसा फास दुवा म्हणून ठेवावा. दहा लिटर पाण्याने भरलेली बादली त्या दुव्यावर सावकाश टांगून पाहावी. ती पेलली तर विजेरीची चिंता मिटली. मग त्याच दुव्याला घरातील धट्ट्याकट्ट्या माणसाने जाड काठ्या अडकवून सर्व बळाने ओढावे, आणि तरीही तो तुटला नाही, तर अधिक बारीक दोरा घ्यावा. मनगटाच्या फासाचा घेर अंगठा तळव्यात दुमडून हात जेमतेम आतबाहेर होईल एवढा असावा, आणि त्यावर सरकता मणी घातला तर तो सैलच ठेवावा. काही जण मणी मनगटाशी घट्ट आवळून वरच्या साऱ्या खबरदारीवर पाणी फिरवतात. लहान मुलांच्या गळ्यात विजेरी अडकवूच नये. मोठ्यांनीही गळ्यात घालावयाची तर ओळखपत्राच्या फितीला मानेमागे असते तशी, ओढताच सुटणारी प्लॅस्टिकची चाप हवी.

आणि पिठाच्या गिरणीचा, मळणीयंत्राचा किंवा इंजिनाचा पट्टा फिरत असेल तेथे दुव्याच्या बारीकपणावरही भिस्त ठेवू नये, कारण फिरता पट्टा दोऱ्याला तुटावयास अवसर देईलच असे नाही. तेथे दोरी मनगटातून काढून विजेरी सोबत्याच्या हाती द्यावी आणि त्याला लांब उभे राहून उजेड पाडावयास सांगावे.