निलगिरीच्या माथ्यावरची काळी माती

बसा पोरांनो. आजच्या गोष्टीत राजा नाही, राक्षस नाही. आज गोष्ट मातीची. आपल्याकडच्या नव्हे, तमिळनाडूतल्या निलगिरीच्या माथ्यावरच्या, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असलेल्या मातीची.

उटीहून पायकाऱ्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही हातांना गवताच्या गोल टेकड्या सुरू होतात. सिनेमातल्या गाण्यांत तुम्ही त्या पाहिल्या आहेत. माणसं गाडीतून उतरतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही कधी तिथे गेलात तर माथ्याकडे नंतर बघा, आधी रस्त्यासाठी टेकडी कापली आहे ती दरड बघा. सगळ्यात वर गवत. त्याच्या खाली काळाभोर पट्टा, कुठे हातभर, कुठे कमरेइतका. त्याच्या खाली एकदम रंग पालटतो आणि तांबडी-पिवळी माती लागते. आणखी खाली दगडासारखं काहीतरी दिसतं, पण नखाने टोकरलं तर भुगा पडतो. तो मुरूम. मूळ खडकाची कणी-रेघ त्यात अजून ओळखू येते, फक्त जोर गेलेला. हा मूळ खडक म्हणजे चार्नोकाइट, वय सुमारे अडीच अब्ज वर्षं.

एवढा कठीण खडक मऊ कसा झाला? पावसाने. निलगिरीच्या पश्चिम कडेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, पूर्वेकडे त्याहून पुष्कळ कमी. लाखो वर्षं पाणी मुरत गेलं. विरघळण्याजोगं होतं ते, चुना, सोडा, पोटॅश, अगदी सिलिकासुद्धा, पाण्याने वाहून नेलं. मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाने माती तांबडी केली. ॲल्युमिनियमने काय केलं ते जरा पुढे सांगतो, कारण गोष्टीतली खरी गंमत तिथेच आहे.

आता धाकटी विचारेल, आजोबा, आपल्या शेतातली मातीपण काळीच आहे की! आहे ना. पण रंगावर जाऊ नका. आपली काळी जमीन काळी दिसते, तरी तिच्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश फार थोडा, बहुतेक ठिकाणी सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्याही आत. तिची चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून वैशाखात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. निलगिरीच्या मातीत तसली फुगणारी चिकणमाती नाही, म्हणून तिला तसल्या भेगाही नाहीत. तिचा काळेपणा खराखुरा ह्युमसचा आहे, गवताच्या मुळ्या कुजून झालेला. सेंद्रिय कर्ब आपल्या शेतातल्या मातीच्या कितीतरी पट.

गवताचं बघा कसं असतं. आपल्याला दिसतात ती पाती, पण त्याचा मोठा संसार जमिनीखाली. केसांसारख्या बारीक मुळ्यांचं दाट जाळं. दरवर्षी त्यातल्या काही मरतात, नव्या फुटतात. झाडाचं पान गळून वर पडतं, गवताची मुळी मात्र मातीच्या पोटातच मरते आणि तिथेच कुजते. सखल, उष्ण प्रदेशात हे कुजणं भराभर होतं आणि कर्ब हवेत उडून जातो. निलगिरीच्या माथ्यावर गारवा असल्यामुळे सूक्ष्मजीव सावकाश काम करतात. त्यात ते मागे उरलेलं ॲल्युमिनियम! ते ह्युमसला असं घट्ट धरून बसतं की जिवाणूंना तो सहजी खाता येत नाही. गारव्याने चाल मंदावली, ॲल्युमिनियमने दार लावून घेतलं, आणि हजारो वर्षांची पुंजी साठत गेली. ज्वालामुखीच्या राखेवर अशी माती होते हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. निलगिरीत राख नाही, तरी गुण तेच. म्हणून मातीच्या अभ्यासकांना हिचं फार अप्रूप.

ही माती हातात घेतली की हलकी लागते. ओली मूठभर दाबली तर गोळा होतो, पण अंगठ्याने ढकललं की लाडू फुटावा तसा भुसभुशीत चुरा होतो. शेतकरी अशा जमिनीला पोयट्याची म्हणतात. रेती, गाळ आणि चिकणमाती, तिघांचंही त्यात चालतं, एकट्या कुणाचं नाही. शिवाय ह्युमसमुळे कण एकमेकांना धरून राहतात आणि मधे पोकळ्या उरतात. मोठ्या पोकळीतून पाणी खाली उतरतं, बारीक पोकळीत थांबतं. त्यामुळे पाऊस उतारावरून धावत सुटण्याऐवजी आत जातो आणि पावसाळा सरल्यावर झिरपत ओढ्यांना येतो. पायकारा, मोयार, भवानी या नद्यांना अशाच टेकड्यांचं पाणी मिळतं. पायकाऱ्याच्या पाण्यावर १९३२ पासून वीज तयार होते आहे.

हिला दोन खोडीही आहेत, त्याही सांगायला हव्यात. ही माती आम्लधर्मी आहे आणि तेच ॲल्युमिनियम स्फुरदालाही पकडून ठेवतं, पिकाला सोडत नाही. दुसरी खोड म्हणजे उघडी पडून एकदा पुरती वाळली, तर पुन्हा पहिल्याइतकं पाणी धरत नाही. गवताचं पांघरूण हवंच.

इतकी चांगली खोल माती, मग तिच्यावर जंगल का नाही? खूप दिवस लोकांना वाटत होतं की इथे जंगल होतं, माणसाने तोडलं आणि गवत माजलं. खरं तर जंगल आहेच, पण घळींत आणि खाचांत. त्याला तिथे शोला म्हणतात. टेकडीच्या उघड्या अंगावर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहिवर पडतं, गोठून पांढरं होतं. झाडाचं कोवळं रोप त्यात जळून जातं. गवताचा कोंब मात्र गड्ड्याच्या बुडाशी लपलेला असतो, तो वाचतो.

पण पूर्वीपासून असंच होतं, याला पुरावा काय? पुरावा सांभाळला आहे दलदलीने. टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी पाणी साचतं, मेलेलं गवत त्यात अर्धवट कुजून थरावर थर चढतात. त्याला पीट म्हणतात. उटीजवळ सँडिनल्ला नावाच्या खोऱ्यात अशी दलदल आहे. रामन सुकुमार, आर. रमेश आणि त्यांच्या सोबत्या शास्त्रज्ञांनी निलगिरीतल्या पीटचे थर तपासले आणि १९९३ मध्ये निष्कर्ष छापले. युक्ती ऐका. हवेतला कार्बन, म्हणजे तोच कर्ब, दोन वजनांचा असतो, हलका आणि किंचित जड. झाडं जड कार्बन टाळतात. उष्ण, कोरड्या हवेतली गवतं तेवढी चोखंदळ नसतात. वनस्पती मेली तरी हे प्रमाण पीटमध्ये तसंच राहतं. म्हणजे थराचं वय काढायचं, जड कार्बन मोजायचा, की तेव्हा तिथे कोण वाढत होतं ते कळतं.

कळलं ते असं. हिमयुग ऐन भरात असताना, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, निलगिरी कोरडी होती आणि गवताचं राज्य होतं. दहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास पाऊस वाढला तशा ओलाव्याच्या वनस्पती पसरल्या. पुढे पुन्हा चढउतार झाले. नंतरच्या अभ्यासात पीटच्या थरांची ही वही चाळीस हजार वर्षांपर्यंत मागे गेली. कुऱ्हाड घेऊन माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे गवत नांदत होतं.

या मातीचा जाणता उपयोग केला तो इथल्या म्हशी पाळणाऱ्या तोडा लोकांनी. त्यांच्या म्हशींची जात वेगळी, शिंगं भली मोठी. तोडा परंपरेने बहुतेक शाकाहारी, म्हशीच्या दुधातुपावर पूर्वी त्यांचं जगणं चाले आणि देवकार्यही. त्यांच्या अर्धगोल देवळांचं छप्पर दलदलीकाठच्या खास गवताने शाकारतात. दलदल आटली तर तोडांचं देऊळ शाकारायला गवत कुठून आणायचं? बडगा शेतकरी आधीपासून धान्य पिकवत होते. १८१९ मध्ये कोइम्बतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन वर आला, मग युरोपातल्या भाज्या आल्या. आज उटीचा बटाटा नि गाजर प्रसिद्ध आहे. पण उतारावर नांगर लागला की काळा थर पावसात खाली येतो, म्हणून तिथे मजगी घालावी लागते, चुना नि खत द्यावं लागतं.

इंग्रजांना आणि नंतर आपल्याही सरकारला या टेकड्या रिकाम्या वाटल्या. जळणासाठी, कातडी कमावायच्या सालीसाठी, रेयॉनच्या लगद्यासाठी गवतावर निलगिरीची झाडं आणि वॉटल नावाची झाडं लावली. निलगिरीची झाडं मूळची ऑस्ट्रेलियाची, आपण त्यांना डोंगराचं नाव दिलं एवढंच.

मग उटीच्या मृद्-जलसंधारण संशोधन केंद्राने एक सुंदर प्रयोग केला. ग्लेनमॉर्गनला शेजारशेजारची, सारखी दोन छोटी पाणलोट क्षेत्रं घेतली. एकात गवत तसंच ठेवलं. दुसऱ्यात १९७२ मध्ये बऱ्याच भागावर निलगिरीची झाडं लावली. दोन्हींकडच्या ओढ्यांवर पाणी मोजत राहिले. दहा वर्षांच्या पहिल्या फेरीत झाडांच्या बाजूचं पाणी १६ टक्क्यांनी घटलं. झाडं तोडल्यावर बुंध्यांना नवे फुटवे आले, आणि त्या दुसऱ्या फेरीत घट सुमारे २५ टक्क्यांवर गेली. म्हणजे चार घागरींतली एक झाडांनी प्यायली. उन्हाळ्यात झिरपून येणाऱ्या पाण्यावर याचा जास्त मार बसला, आणि नेमकं तेच पाणी खालच्या गावांना हवं असतं.

आता वॉटल काढून गवत परत आणायचे प्रयत्न तमिळनाडूत चालू आहेत. काम अवघड आहे, कारण वॉटलचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

पावसाळ्यात तुमच्या शाळेत वृक्षारोपण निघेल. जरूर जा. फक्त खड्डा खणण्याआधी बाईंना एवढं विचारा की या जागेवर आधी काय होतं. पूर्वापार गवत असेल तर रोपं गावाच्या कडेला, रस्त्याला, ओढ्याच्या काठी न्या, आणि तो माळ गवतालाच राहू द्या.