ओळख पटेना

श्रावणातली दुपार. अंबाजोगाई तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी चटईवर बसलो होतो. मी तत्त्वज्ञान शिकवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीवर तास घ्यायचा, तर ती आपल्या जिल्ह्यात कुठं भेटते ते आधी पाहावं म्हणून आलेलो. पोषण ट्रॅकर ॲपवर चेहरा जुळला की मगच घरपोच आहाराची पाकिटं द्यायची, असा केंद्र सरकारचा नियम १ जुलै २०२५पासून लागू आहे.

समोर सात महिन्यांची गरोदर पोर. ओटीपी आला नवऱ्याच्या फोनवर. तो ऊसतोडीच्या मुकादमाकडे उचल ठरवायला गेलेला. फोन लावून आकडे विचारले. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. इथं निदान तिची एकटीची नोंद होती.

"डोळे मिचकाव की गं," सेविकाताई म्हणाल्या. लाइट गेलेली, खोलीत अंधार. जुळेना. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, भरल्या गालांचा. त्यानंतर तीन हंगाम उसाच्या फडात गेले.

"मीच हाये की ताई!" ती हसली. ताईंनी तर तिच्या थोरल्याचं वजनही याच काट्यावर केलेलं.

न्यायदर्शनात अशा ओळखण्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. उदाहरण ठरलेलं: हा तोच देवदत्त. त्यात पूर्वी पाहिल्याची आठवण लागते. फोन दोन चेहऱ्यांचे आकडे करतो, त्यांतलं अंतर मोजतो, ठरल्या मर्यादेत बसलं तर हो म्हणतो. मर्यादा सैल ठेवली तर भलतीच बाई आहार नेईल. आवळली तर खरी बाई रिकाम्या हातानं जाईल. यातली कोणती चूक परवडते, हे कुणीतरी माणूस ठरवतो. माझ्या विषयाचा जीव इथं आहे. यंत्राला मन असतं का, या गप्पा मग निवांत.

समाजातल्या पायरीमुळे एखाद्याचा शब्द हलका धरणं हाही अन्याय, असं मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली पुस्तकात मांडलं. वाचताना मला कोर्टातले साक्षीदार दिसायचे. आता ताई दिसतात: पोरीला ओळखतात, पण त्यांचा शब्द चालत नाही.

शेवटी पोरीला अंगणात नेलं, पदर मागे सारला. तिसऱ्यांदा जुळलं. पाकिटं पिशवीत टाकून ती निघाली.

अंगणवाडीच्या भिंतीवर वजनाचा तक्ता आहे, आहाराचा आहे. शेजारी चेहरा जुळण्याच्या मर्यादेचा आकडा आणि तो ठरवणाऱ्याचा हुद्दाही लिहून लावावा.