घरातील बुजुर्ग : बाजाराने न विचारलेले गिऱ्हाईक

परदेशातील बाजार-पाहणीतून आपल्या दुकानदार-कारागिरांनी काय घ्यावे?

दुकानात माल भरताना आपल्यासमोर ठरावीक गिऱ्हाईक असते. लग्नाचा मुलगा, नवी सून, शाळकरी पोरे, संसारी बाई. घरात साठी ओलांडलेले अब्बा किंवा सत्तरीची दादी यांनाही वेगळ्या वस्तू लागतात आणि त्यासाठी घरचे लोक पैसे मोजायला तयार असतात, हा विचार क्वचितच होतो. अमेरिका, जपान आणि युरोपात मात्र वृद्धांना व त्यांची देखभाल करणाऱ्यांना कोणती साधने हवीत याची पाहणी करणे हा एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. त्या पाहण्यांतून काय निघाले, मोठ्या कंपन्या कोठे अडखळल्या आणि आपल्या वेल्डर, सुतार, गादीवाले, मोबाईलवाले बांधवांना त्यातून काय उचलता येईल, याचा हा आढावा.

गिऱ्हाईक किती?

२०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे १० कोटी ३८ लाख होती. त्यांपैकी सुमारे १ कोटी ११ लाख एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे दर दहा माणसांमागे जवळपास एक. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाच्या अंदाजाप्रमाणे २०३६ पर्यंत देशातील ही संख्या २२ ते २३ कोटींच्या घरात जाईल.

मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढील सुमारे पाव लोकांना आंघोळ, कपडे घालणे, चालणे, संडासला जाणे यांपैकी निदान एका कामात अडचण येते, असे त्यात दिसून आले. धंद्याच्या भाषेत सांगायचे तर गरज आहे. तिला पुरवठा करणारा जवळपास नाही.

सव्वीस वर्षांची 'म्हातारी'

अमेरिकेतील पॅट्रिशिया मूर ही तरुणी वस्तूंचे आराखडे करणाऱ्या एका नामांकित कंपनीत कामाला होती. फ्रीजचे दार संधिवात झालेल्या माणसाला उघडता येईल का, असा प्रश्न तिने एका बैठकीत विचारला. असल्या लोकांसाठी आपण माल बनवत नाही, अशा अर्थाचे उत्तर तिला मिळाले. मग तिने स्वतःच शोध घ्यायचे ठरवले. १९७९ पासून सुमारे तीन वर्षे ती पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचे सोंग घेऊन अमेरिका व कॅनडातील शंभराहून अधिक शहरांत फिरली. नजर अंधुक व्हावी असा चष्मा, कानांत बोळे आणि पाय नीट वाकू नयेत म्हणून पट्ट्या, असा तिचा वेश होता. दुकानाचे दार, बसची पायरी, डब्याचे झाकण, गल्ल्यावर सुटे पैसे मोजणे, हे सगळे तिने त्या शरीरातून अनुभवले. कागदावर प्रश्न लिहून जे कळत नाही ते वापरून पाहिल्याने कळते, हा तिच्या कामाचा धडा आहे. वृद्धांसाठीच्या वस्तूंचा विचार करणारे लोक आजही तिचे नाव घेतात.

सोलणीची गोष्ट

भांडी व स्वयंपाकघरातील वस्तूंच्या धंद्यातून निवृत्त झालेले सॅम फार्बर १९८० च्या दशकाच्या अखेरीस पत्नीसह फ्रान्समध्ये सुट्टीवर होते. पत्नीच्या बोटांत संधिवात होता. सफरचंद सोलताना पातळ धातूची सोलणी तिला धरवेना. फार्बर यांनी न्यूयॉर्कच्या एका संस्थेकडून जाड, मऊ रबरी मुठीची सोलणी तयार करून घेतली. त्यासाठी संधिवाताच्या रुग्णांच्या हाती नमुने दिले गेले. १९९० मध्ये 'ऑक्सो गुड ग्रिप्स' या नावाने पंधरा वस्तू बाजारात आल्या. साध्या सोलणीपेक्षा किंमत बरीच जास्त होती, तरीही माल खपला.

दुकानदाराने लक्षात घ्यावे असे दोन मुद्दे येथे आहेत. पहिला असा की वस्तू तीच, बदलली ती मुख्यतः मूठ. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. खोक्यावर कोठेही 'म्हाताऱ्यांसाठी' किंवा 'आजाऱ्यांसाठी' असे लिहिले नव्हते. जी मूठ दुखऱ्या हाताला सोपी ती धडधाकट हातालाही सोपी, म्हणून तरुणांनीही ती घेतली. आपण म्हातारे झालो हे कोणाला पैसे देऊन कबूल करायचे नसते.

वापरणारा एक, पैसे देणारा दुसरा

या बाजारात बहुधा वस्तू घेतो मुलगा आणि वापरतो बाप. मुलाला काळजी असते सुरक्षिततेची. बापाला काळजी असते अब्रूची. मुलाला वाटते खोलीत कॅमेरा लावावा. बापाला वाटते आपल्यावर पहारा बसवला. ज्या कंपन्यांनी फक्त मुलाला विचारले त्यांचा माल विकला गेला, पण तो कपाटात पडून राहिला.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे नव्वदीपुढील ११० लोकांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक लोक त्या वर्षात पडले. अनेकांकडे मदतीसाठी दाबायचे बटण होते. तरीही एकटे असताना पडलेल्यांपैकी बहुतेकांनी ते दाबलेच नाही. काहींनी ते अंगावर घातले नव्हते, काहींना कोणाला त्रास द्यायचा नव्हता. यंत्र चांगले होते, पण माणसाच्या मनाचा हिशेब त्यात धरला नव्हता.

याउलट २००६ मध्ये अमेरिकेत 'जिटरबग' नावाचा साधा मोबाईल आला. मोठी बटणे, स्पष्ट आवाज, कानाला लावताच जुन्या टेलिफोनसारखी घरघर आणि अडचण आल्यास पलीकडे बोलणारे जिवंत माणूस. तो काढणाऱ्या कंपनीला २०१८ मध्ये 'बेस्ट बाय' या मोठ्या विक्रेत्याने ८० कोटी डॉलरना विकत घेतले. खरी किंमत यंत्राची नव्हती. फोन उचलून नीट समजावून सांगणाऱ्या सेवेची ती किंमत होती.

'हवे' म्हणणे आणि घेणे

बाजार-पाहणी डोळे मिटून मानू नये, याचा पुरावा पाहणीतच सापडतो. अमेरिकेतील वृद्धांच्या 'एएआरपी' या मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये घरच्या माणसाची देखभाल करणाऱ्यांना विचारले की, या कामात तंत्रज्ञानाची मदत हवी का? शंभरांतील ७१ जणांनी त्यात रस दाखवला. प्रत्यक्षात असे काही वापरत असलेले किंवा पूर्वी वापरलेले फक्त ७ निघाले. माहिती नसणे, किंमत, शिकायला वेळ नसणे आणि घरातल्या बुजुर्गाचा नकार, हे अडथळे मधे उभे असतात.

जो दुकानदार ७१ चा आकडा धरून माल भरील त्याचे भांडवल अडकेल. जो ७ चा आकडा धरून पाठ फिरवील त्याच्या हातून येणारा बाजार जाईल. मधला मार्ग म्हणजे थोडा माल आणि भरपूर चौकशी.

आपल्या हुन्नराला वाव कोठे?

तंत्रज्ञान म्हटले की डोळ्यांसमोर महागडी यंत्रे येतात. परंतु घरात सर्वांत आधी लागतात त्या साध्या वस्तू, आणि त्या बनवणारे हात आपल्याकडे आहेत.

वेल्डर व नळ कारागीर : न्हाणीघर व संडासात धरायचा दांडा. अमेरिकेच्या नियमात गोल दांड्याची जाडी सव्वा ते दोन इंच, भिंत व दांडा यांत दीड इंच जागा आणि सुमारे ११३ किलोचा भार सोसण्याची ताकद सांगितली आहे. टॉवेलचा दांडा हे काम करू शकत नाही. माणूस पडताना तो भिंतीतून निघतो. अपंगांच्या सोयीच्या संडासाची बैठक जमिनीपासून १७ ते १९ इंच असावी, असेही त्या नियमात आहे.

सुतार व गादीवाले : उंच बैठकीची, हात टेकून उठता येईल अशी खुर्ची, पाय जमिनीला टेकतील अशा उंचीचा पलंग, बसल्या जागी खचणार नाही अशी गादी. वुजूसाठी टेकू असलेली बैठक आणि नमाजाची खुर्ची यांची मागणी तर प्रत्येक मोहल्ल्यात दिसते.

शिलाई कारागीर : मागे हात न नेता घालता येणारे कपडे, बटणांऐवजी चिकटपट्टी, सुजलेल्या पायांना न काचणारा पायजमा.

इलेक्ट्रिशियन : साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. पलंगापासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा आणि हाताला येईल असे बटण, एवढ्या कामानेही पडण्याचा धोका कमी होतो.

मोबाईल दुकानदार : अक्षरे मोठी करून देणे, नको ती चित्रे काढून टाकणे, मुलांचे नंबर फोटोसह लावून देणे. हे काम आज आपण फुकट करतो. यावर वाजवी मजुरी घेता येते, आणि गिऱ्हाईक पुन्हा येते.

दुरुस्ती : काठी व वॉकरच्या टोकाचे रबर झिजते, व्हीलचेअरचे चाक डुगडुगते. झिजलेले रबर गुळगुळीत फरशीवर धोक्याचे असते, आणि ते बदलून देणारे दुकान सहसा सापडत नाही. काठी विकताना तिची मूठ, हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेपाशी येईल एवढीच उंची ठेवावी आणि हे माप पायांत चप्पल असताना घ्यावे.

भाड्याचा धंदा : जपानने २००० साली देखभाल विमा सुरू केला. त्यात पलंग, व्हीलचेअर यांसारखी साधने बहुतांशी भाड्याने मिळतात. आजारपण दोन महिन्यांचे असेल तर पलंग विकत कोण घेणार? हाच हिशेब आपल्याकडेही लागू पडतो.

पाहणी आपणच करावी

त्यासाठी मोठी कंपनी लागत नाही. ओळखीच्या वीस घरांत जा. बुजुर्गांशी आणि त्यांची सेवा करणाऱ्या माणसाशी, म्हणजे बहुधा सून किंवा मुलगी, वेगवेगळे बोला. 'अमुक वस्तू घ्याल का?' असे विचारू नका. तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. त्याऐवजी हे विचारा :

१. दिवसातले कोणते काम सर्वांत अवघड जाते?
२. त्यावर सध्या काय तोडगा काढला आहे? (अनेक घरांत प्लास्टिकची खुर्ची न्हाणीघरात जाते. तो तोडगा म्हणजेच तुमच्या मालाचा नमुना.)
३. गेल्या वर्षभरात यासाठी कोणती वस्तू घेतली, किती पैसे दिले?
४. ती आज वापरात आहे का? नसेल तर का?
५. खर्चाचा निर्णय कोणी घेतला?

मग एक नमुना करून पंधरा दिवस वापरायला द्या. पंधरा दिवसांनी तो परत मागितल्यावर जो म्हणेल 'राहू द्या, पैसे घ्या', तोच खरा होकार.

जपून पाऊल

दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, व्हीलचेअर मोफत देण्यासाठी केंद्राने १ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. माल कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी कारखान्याचा. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. तीत पासष्ट वर्षांवरील गरजूंना अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद होती. माल भरण्यापूर्वी आपल्या तालुक्यात अशा योजनांतून काय वाटले गेले, याची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. जी वस्तू फुकट वाटली गेली तिचा गठ्ठा दुकानात पडून राहील. मात्र तिची दुरुस्ती आणि सुटे भाग यांचे काम वाढेल.

नव्या यंत्रांची एजन्सी देतो म्हणून अनामत मागणारे लोकही येतात. बिघडल्यास दुरुस्ती कोण करील, किती दिवसांत करील, न खपलेला माल परत घेणार का, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि औषधोपचाराचा दावा करणारे यंत्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्याही आईबापाला विकू नये. या बाजारात दांडा भिंतीतून निघाला तर माणसाच्या खुब्याचे हाड मोडते, हे ध्यानात ठेवूनच माल बनवावा. जो असा माल बनवील त्याचे नाव एका घरातून दुसऱ्या घरात आपोआप पोहोचेल.